दरसूचीत नसलेलं लाकूड: पडलेल्या माडांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक बांधकाम, कृषी आणि मदत व पुनर्वसन या खात्यांचे सचिव महोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: पडलेल्या माडाच्या खोडाला बांधकामाचं लाकूड म्हणून मान्यता मिळण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी श्रीवर्धन तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावचा सुतार. आजोबांपासून रंधा-पटाशी घरात आहे आणि घरामागे दीड एकराची वाडी आहे. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी आणि सावलीला चार जायफळं. माड उभा असतो तेव्हा मी वाडीवाला असतो, आडवा झाला की सुतार. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

पत्र लिहायला कारण झाला एक शेरा.

आमच्या शाळेतली मुलं दुपारी जेवायला बसतात ती जागा उघडी होती. पावसाळ्यात वर्गातली बाकं सरकवून ताटं मांडायची. गावाने ठरवलं, शाळेला लागून वीस बाय दहा फुटांची पडवी काढू. चिऱ्याचं जोतं गाव अंगमेहनतीने घालणार होतं. कौलं दोन मोडक्या घरांची मिळाली होती. छपराचं लाकूड मी देणार होतो, वादळात पडलेल्या माडांचं, चिरून, औषध लावून, सुकवून ठेवलेलं. पंचायतीच्या निधीतून फक्त मजुरी, लोखंडी पट्ट्या आणि किरकोळ सामान घ्यायचं होतं. अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीला गेलं आणि दोन महिन्यांनी एका कार्यालयातून परत आलं. वर लिहिलं होतं, ‘माडाचे लाकूड ही बाब दरसूचीत नाही. सबब लोखंडी अँगल व पत्र्याचे सुधारित अंदाजपत्रक सादर करावे.’

दरसूची म्हणजे सरकारी बांधकामात कोणता माल कोणत्या दराने धरायचा याचा तक्ता. सुधारित अंदाजपत्रक सादर झालं, मंजूर झालं, छप्पर उभंही राहिलं. पैसे जवळजवळ तिप्पट लागले. शाळेपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्या पावसाळ्यातच सांध्यांतून गंजाचे ओघळ आले, आणि मार्चनंतर त्या पत्र्याखाली मुलं बसत नाहीत, ताटं घेऊन वडाखाली जातात.

शेरा मारणाऱ्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढच्या तक्त्यात ते जे शोधत होते ते त्यांना सापडलं नाही, आणि उद्या छप्पर खाली आलं असतं तर सही त्यांची होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. म्हणून हे पत्र त्यांना नाही. तक्ता ठरवणाऱ्यांना आहे.

थोडं मागे जाऊन सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दुपारी आमच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी १०० ते १२० किलोमीटरचा. आम्ही माजघरात दार लावून बसलो होतो. पोफळी मोडतात तेव्हा ‘काड्‌’ असा कोरडा आवाज येतो, एकामागून एक, फटाक्यांची माळ लावल्यासारखा. माड तसा मोडत नाही. तो आधी खूप वेळ झुलतो, मग मुळांसकट जमीन उचलतो आणि पडतो तेव्हा पायाखालची सारवलेली भुई हलते. मी मोजत होतो. अठरापर्यंत मोजलं, पुढे मोजणं सोडून दिलं. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीतून थेट समुद्र दिसत होता. पन्नास-साठ वर्षांत तो घरातून कधी दिसला नव्हता.

माझे ३८ माड पडले. त्यांतले बरेचसे आजोबांच्या हातचे होते.

भरपाई मिळाली. शासनाने आधीचे निकष बदलून झाडामागे रक्कम ठरवली, माडाला २५० रुपये आणि पोफळीला ५०. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरी झोडपली तेव्हाही हाच दर होता. ३८ माडांचे माझे साडेनऊ हजार झाले. पैसे नाकारायचे नाहीत, त्या वर्षी तेही उपयोगी पडले. पण २५० रुपयांत मुंबईला चार-पाच शहाळी येतात, आणि नवा बाणवली जातीचा माड लावला तर पहिला नारळ बघायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. आता तमिळनाडूचं बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये गाजा वादळाने तंजावूर-पुदुकोट्टईकडच्या नारळबागा आडव्या केल्या. तिथल्या सरकारने माडामागे ६०० रुपये भरपाई दिली आणि पडलेला माड तोडून हलवायला वेगळे ५०० दिले. माझं बोट त्या दुसऱ्या आकड्यावर आहे. पडलेला माड ही वाडीवाल्यावर आलेली एक नवी जबाबदारी असते, हे तिथे कुणाच्या तरी ध्यानात आलं. आमच्याकडे पंचनामा झाडाचा झाला, खोडाचा कुणीच केला नाही.

त्या खोडांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वीस-बावीस मीटर लांब, टनाच्या आसपास वजनाचं ओलं धूड वाडीतून काढायचं म्हणजे माणसं, दोर, करवतवाला आणि ट्रॅक्टर. रस्त्यावरचे माड यंत्रकरवतीने चार-चार फुटांचे तुकडे करून कडेला ढकलले गेले. ते तेव्हा करणं भागच होतं, रुग्णवाहिका जायला हवी होती. वाड्यांतले माड मात्र कित्येकांनी जागेवरच ठेवले. जळणाला म्हणावं तर ओलं खोड धुमसतं, पेटत नाही. विकावं म्हटलं तर गिऱ्हाईक नाही. लाकूड गिरणीवाल्याकडे गेलो तर तो हात जोडून म्हणाला, बाबा रे, तुझ्या दोन खोडांत माझ्या पात्याचे दात जातात. ते खरंच आहे. माडाचं लाकूड करवत बोथट करतं, त्याला टंगस्टन कार्बाइडची टोकं लावलेलं पातं लागतं आणि तालुक्याच्या गिरणीत ते कोण ठेवणार?

मग ती खोडं कुजली. कुजलेल्या माडात गेंडा भुंगा अंडी घालतो, हे तुमच्याच कृषी खात्याच्या पत्रकांत छापलेलं असतं. वाडी स्वच्छ ठेवा, कुजकी खोडं हटवा. वादळाच्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचे शेंडे दोन वर्षांनी त्याच भुंग्यांनी खाल्ले. म्हणजे एका वादळाने दोनदा मारलं, आणि दुसऱ्या वेळी वारा नव्हता.

आता खोडाबद्दल. तुमच्यापैकी कुणी माडाचा ओंडका आडवा कापलेला पाहिला आहे का? सागासारखी वर्तुळं दिसत नाहीत. कडेला काळसर तपकिरी ठिपक्यांची दाट गर्दी असते आणि आत जावं तसे ठिपके विरळ होत मध्ये फिकट, ओला भुसा उरतो. ते ठिपके म्हणजे पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या तंतूंचे जुडगे. माड हा बांबू-गवताच्या बाजूचा प्राणी, त्याचं खोड सागासारखं वर्षागणिक जाड होत नाही. म्हणून त्यात आतलं पक्कं लाकूड म्हणजे नार आणि बाहेरचं कच्चं लाकूड म्हणजे साल असा भेद नाही, फांद्या नसल्याने गाठी नाहीत आणि एकाच खोडात तीन लाकडं असतात. बुंध्याकडचं, कडेचं, टणक लाकूड घनमीटरला ६०० किलोच्या वर जातं. मधलं ४०० ते ६०० च्या दरम्यान. गाभ्यातलं आणि शेंड्याकडचं त्याहून हलकं, वाळलं की बोटाने दाबलं जातं.

माझ्या वडिलांना हे आकडे माहीत नव्हते. ते म्हणत, माड बाहेरून वापरायचा, आतला टाकायचा, आणि वरचा अर्धा विसरायचा. आमच्याकडचे जुने लोक हे जाणूनच वापरत आले. ओहोळावरचा साकव, म्हणजे पायपूल, माडाचा असे. गाभा कोरून काढला की पाटाच्या पाण्याला पन्हळ तयार, निसर्गाने अर्धं काम करूनच दिलेलं. मांगराचे वासे, गोठ्याचं आढं, विहिरीवरची पाणी ओढायची लाट, सगळीकडे माड होता. मग साग स्वस्त झाला, नंतर लोखंड आलं आणि माडाचं लाकूड हे गरिबाचं लाकूड ठरलं. गरिबाच्या लाकडाची कुणी चाचणी घेत नाही.

वादळानंतरच्या हिवाळ्यात मी माझ्या सात खोडांचं लाकूड काढलं. बाहेरून कार्बाइडचं पातं मागवलं, पैसे माझे. बुंध्याकडचे पंधरा-सोळा फूट तेवढे घेतले. चार बाजूंनी टणक कड उतरवली आणि गाभा टाकून दिला. एका खोडातून दोन बाय चार इंचांचे सहा वासे निघाले, बरं खोड असेल तर आठ. चिरल्या दिवशीच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवले, कारण चिरलेला माड दोन दिवस उघडा ठेवला की काळा पडतो, बुरशी येते. मग सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन, चार महिने रचून ठेवले. खिळा मारायच्या आधी प्रत्येक ठिकाणी भोक पाडलं, नाहीतर टणक माडात खिळा वाकतो किंवा लाकूड चिरतं. खांब जमिनीत पुरले नाहीत. चिऱ्यावर लोखंडी खुरात बसवले, जमिनीपासून वीतभर वर. घराच्या मागच्या अंगाला चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद पडवी झाली, वर मंगलोरी कौलं.

ती उभी आहे. पुढच्याच मेमध्ये तौक्तेचा वारा तिच्यावरून गेला, काही कौलं हलली, वासा एकही नाही. त्यानंतर प्रत्येक पावसाळा तिने काढला.

पण मी सुतार आहे, जाहिरातदार नाही, म्हणून बिघडलं तेही सांगतो. दोन वासे बदलावे लागले. एक दुसऱ्या वर्षीच झोळ देऊन बसला. उतरवून पाहिला तर तो वरच्या भागातला होता; मी लोभाने पंधरा फुटांच्या वर गेलो होतो. दुसरा पागोळीच्या टोकाला कुजला. बोरॅक्स पावसात धुऊन जातो, हे मला ठाऊक होतं तरी मी वाशांची टोकं कौलांच्या बाहेर काढली होती, दिसायला छान म्हणून. दोन्ही चुका माझ्या, लाकडाच्या नाहीत. मात्र माझ्यासारख्या तीस-पस्तीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाकडून या चुका होत असतील तर नवख्याकडून होणारच. म्हणूनच हे लाकूड ज्याने-त्याने आपल्या अंदाजाने वापरावं असं मला मुळीच वाटत नाही. नियम हवेत. माझी तक्रार नियमांबद्दल नाही, नियम नसल्याबद्दल आहे.

तक्रारींचा पाढा वाचायचाच तर पहिली हीच. कुठल्या जाडीचा, कुठल्या भागातला माडाचा वासा किती लांबीवर किती ओझं घेईल, याचा सरकारी कागद मी सहा वर्षं शोधतो आहे. इंजिनिअरांना विचारलं, ठेकेदारांना विचारलं, कृषी कार्यालयात विचारलं. कृषीवाले म्हणतात ते बांधकामाचं, बांधकामवाले म्हणतात ते कृषीचं. असा कागद तुमच्याकडे असेल तर प्रसिद्ध करा, मी हे पत्र जाहीरपणे मागे घेतो.

दुसरी तक्रार जरा जिव्हारी लागणारी आहे. बांबूही गवतच. त्यालाही नार नाही, वर्तुळं नाहीत, तोही पुरला की कुजतो आणि औषधाशिवाय किडतो. पण बांबूच्या इमारतीसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५९१२, आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेत बांबूला स्वतंत्र जागा आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती करून जंगलाबाहेरच्या बांबूला ‘झाड’ या व्याख्येतून मोकळं केलं, वाहतूक सोपी व्हावी म्हणून. माणगा जातीचा बांबू लावणाऱ्या सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याचं भलं झालं, आनंद आहे. मग त्याच्या शेजारच्या वाडीत आडव्या पडलेल्या माडाने काय पाप केलं? बांबूचं जमलं कारण कुणीतरी प्रयोगशाळेत बसून तो मोडेपर्यंत वाकवला आणि आकडे लिहून ठेवले. तेवढंच तर काम आहे.

आणि ते सगळं पहिल्यापासून करायचं आहे असंही नाही. १९७६ मध्ये टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात माडाच्या खोडाच्या उपयोगावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला होता. टोंगाची लोकसंख्या तेव्हा लाखाच्या आत-बाहेर असेल, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. फिलिपिन्समध्ये झांबोआंगाच्या संशोधन केंद्राने माड चिरण्या-सुकवण्यापासून घरं बांधण्यापर्यंत सगळं करून पाहिलं. केरळात पीचीच्या वन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकापासून माडाच्या लाकडाच्या टिकाऊपणावर आणि औषधोपचारावर काम केलेलं आहे. कोचीला नारळ विकास मंडळाचं मुख्यालय १९८१ पासून आहे. आपल्या घरात रत्नागिरीजवळ भाट्ये येथे कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, त्यांनी बाणवलीच्या रोपांवर उत्तम काम केलं. पण सगळं काम माड उभा असेपर्यंतचं. जुने-रोगट माड काढून नवे लावायला अनुदानाची योजना आहे, ती चांगली आहे. काढलेल्या माडाचं पुढे काय, याबद्दल मला कुणी दोन वाक्यंही सांगू शकलं नाही.

फिलिपिन्सचं उदाहरण मला आणखी एका कारणासाठी द्यायचं आहे. ८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान वादळाने तिथले सुमारे ३ कोटी ३० लाख माड पाडले किंवा कामातून घालवले. आपल्यासारखेच प्रश्न त्यांच्यापुढे आले: कुजणारी खोडं, भुंगे, बेघर माणसं. फरक इतकाच की तिथे ‘कोको लंबर’, म्हणजे माडाचं लाकूड, हा रोजच्या बाजारातला शब्द होता. यंत्रकरवती आल्या, पडलेल्या माडांचीच लाकडं झाली आणि त्यांतून निवारे उभे राहिले. सगळी खोडं काही वाचली नाहीत. माड पडल्यावर वेळेत चिरला नाही तर हातचा जातो, आणि इतक्या कोटींना करवती पुरणार कुठून? पण माणसांना काय करायचं ते माहीत होतं.

त्याच देशात मनिलाला एक नारळी महालही आहे, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोसबाईंनी बांधून घेतलेला, पोपच्या १९८१ च्या भेटीच्या सुमाराचा. पोपनी तो फार आलिशान म्हणून तिथे राहायला नकार दिला, असं सांगतात. आम्हाला महाल नको. शाळेची पडवी पुरे.

तिसरी गोष्ट तक्रार कमी आणि भीती जास्त आहे, आणि ती माझ्या बाजूच्या लोकांना आवडणार नाही. माडाच्या लाकडाला भाव आला की उभ्या माडावर करवत पडेल. ही भीती खरी आहे. शेजारच्या गोव्यात २०१६ मध्ये वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला ‘झाड’ या व्याख्येतून वगळलं. वनस्पतिशास्त्राच्या नजरेने माड सागासारखं झाड नाही, हे बरोबर. पण गोंयकार शास्त्र विचारत नव्हते, माड कोण तोडणार आहे ते विचारत होते. ओरड झाली, आणि २०१७ मध्ये नव्या सरकारने माडाला पुन्हा झाडांत आणलं. आपल्या राज्याच्या १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस आहेत, माड नाही. म्हणजे तोडायला तो झाड नाही आणि बांधायला लाकूड नाही. किनाऱ्याला भूखंड पाडणारे लोक फिरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या हातात माझं हे पत्र कोलीत म्हणून जाऊ नये.

फिलिपिन्सनेही ही भीती ओळखली होती. तिथे १९९५ पासून कायदा आहे: उंच जातीचा माड साठ वर्षांचा झाल्याखेरीज किंवा रोग, वादळ अशा ठरावीक कारणांखेरीज तोडायचा नाही, परवाना घ्यायचा आणि बदल्यात नवा लावायचा. तिथेही चोरटी तोड होतेच म्हणा. पण कायदा नसताना होणारी तोड आणि कायदा असताना होणारी तोड यांत फरक असतो, निदान पकडता येतं.

आता मागण्या. सगळ्या मिळून एखाद्या पुलाच्या जोडरस्त्याएवढाही खर्च होणार नाही, असा माझा सुताराचा अंदाज आहे.

एक: रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या पडलेल्या आणि वयस्क माडांची खोडं घेऊन त्यांच्या ताकदीच्या चाचण्या करा. बुंधा, मधला भाग, कड, गाभा, सगळं वेगवेगळं तपासा. बंगळुरूला लाकडाची केंद्रीय संस्था आहे, पीचीचा अनुभव आहे, त्यांना सोबत घ्या. आकडे मराठीत, मिस्त्रीला वाचता येतील असे, सगळ्यांसाठी खुले करा.

दोन: त्या आकड्यांवरून दरसूचीत एक बाब घाला. सुरुवातीला फक्त छपराखालच्या कामांसाठी, म्हणजे वासे, रिपा, लहान लांबीच्या तुळया, पडव्या, शेड. आणि कुठे वापरायचं नाही तेही तितक्याच स्पष्ट लिहा: जमिनीत पुरायचं नाही, पावसात उघडं ठेवायचं नाही, गाभ्याचं लाकूड ओझ्याला घ्यायचं नाही. कोकणातल्या घरकुलाच्या लाभार्थ्याला हवं असेल तर हे लाकूड वापरायची मुभा द्या, सक्ती नको.

तीन: किनाऱ्याच्या प्रत्येक तालुक्याला एक फिरती करवत, कार्बाइडच्या पात्याची, आणि एक औषधाची टाकी. ट्रॅक्टरला जोडून वाडीपर्यंत जाईल अशी. चक्रीवादळाच्या तयारीच्या यादीत दोर, टॉर्च, यंत्रकरवत असतेच, त्यात हीही ओळ घाला. पडल्यापासून पंधरा दिवसांत पोहोचली तर खरा उपयोग. फार उशिरा आली तर ती भुंग्यांसाठीच आली म्हणायची.

चार: भरपाईत माड पडल्याची रक्कम वेगळी आणि खोड हलवायची, चिरायची रक्कम वेगळी करा. २५० चा आकडा बदला. खोडाची मालकी वाडीवाल्याचीच राहील, हे शासननिर्णयात लिहा. मागच्या वेळी रस्त्यावर पडलेली खोडं कोण घेऊन गेलं याची कुणाकडे नोंद नाही.

पाच: उभा, फळता माड लाकडासाठी तोडायचा नाही. पडलेला, मेलेला, रोगट, किंवा साठीच्या पुढे जाऊन फळणं सोडलेला माड, ग्रामपंचायत आणि कृषी सहायक यांनी पाहून नोंद केल्यावरच चिरायचा, आणि एका माडामागे दोन रोपं लावलेली दाखवायची. हा नियम दुसऱ्या मागणीच्या आधी यावा, नंतर नाही. क्रम उलटला तर मीच विरोधाला उभा राहीन.

आणि आयटीआयच्या सुतारकामाच्या अभ्यासक्रमात माडाचे चार दिवस घाला. आमच्या तालुक्यात माझ्यानंतर वासा हाताने तासणारे दोघेच उरले आहेत. माझा मुलगा पनवेलला मॉड्युलर किचन बसवतो. त्याला मी दोष देत नाही, तिथे पैसे वेळेवर मिळतात.

तुमच्या खात्यांतून एखादा इंजिनिअर पाठवावा, ही शेवटची विनंती. पडवी बघायला माझी हरकत नाही. वाशावर वाळूची पोती टांगून किती वाकतो ते मोजा, हवा तर एक वासा काढून न्या आणि मोडेपर्यंत वाकवा, मी दुसरा बसवीन. शेडमध्ये अजून अकरा वासे रचून ठेवलेले आहेत, शाळेसाठी केलेले. मृगाच्या आधी आलात तर बरं, पाऊस लागला की आमच्या गावचा रस्ता ओहोळाखाली जातो आणि तिथला साकव आता राहिलेला नाही.

आपला,
एक सुतार आणि वाडीवाला
श्रीवर्धन तालुका, जि. रायगड